किरणोत्सारी कचऱ्याची काच का करतात, लोखंडात का ओतत नाहीत?

शिरोलीतल्या एका फौंड्रीत मेल्टिंगचं काम बघणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न असा आहे: "अणुभट्टीच्या कचऱ्याची म्हणे काच करून ठेवतात. काच तर फुटते. आम्ही रोज टनावारी लोखंड ओततो. तो कचरा लोखंडात घालून ठोकळे पाडले आणि खोल पुरले, तर जास्त मजबूत होणार नाही का? काही कचरा सिमेंटमध्ये घालतात आणि काहीची काच करतात, हा भेद कशासाठी? आणि एवढं करून त्याचा किरणोत्सार कमी होतो का?" भंगारातून असलं काही भट्टीत आलं तर काय करायचं, हेही त्यांनी शेवटी विचारलं आहे.

माझी बहुतेक नोकरी याच कचऱ्यावर प्रक्रिया करण्यात गेली, आणि आता मी कोल्हापुरात राहतो. प्रश्न भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळे उत्तरही त्याच अंगानं देतो.

आधी किरणोत्सार कमी होण्याचं. नाही, प्रक्रियेनं तो कमी होत नाही. कचरा जाळा, उकळा, आम्लात विरघळवा किंवा काचेत घाला, अणुकेंद्रावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ते आपल्या वेळेनंच शांत होतं. किरणोत्सार निम्म्यावर यायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं आहे आणि स्ट्रॉन्शियम-९० चं जवळपास २९. दहा अर्धायुष्यं गेली की सुमारे हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे या दोघांसाठी हिशेब ३०० वर्षांचा होतो. वारणेचा तह १७३१ चा. तेव्हा बंद केलेला सीझियमचा डबा आज कुठे हजारपट निवला असता. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य मात्र २४,१०० वर्षांचं आहे, तिथे कुठल्याही राज्याचा इतिहास पुरा पडत नाही. म्हणून आमच्या हातात दोनच कामं असतात. पसरलेला किरणोत्सार थोड्या जागेत गोळा करायचा, आणि मग तो अशा पदार्थात अडकवायचा की तिथून तो हलणार नाही.

हलणार नाही म्हणजे कशानं हलणार नाही? इथेच तुमच्या आणि माझ्या मोजमापात फरक पडतो. तुम्ही कास्टिंगची ताकद बघता, म्हणजे ताण, आघात, कडकपणा. पुरलेल्या ठोकळ्यावर कुणी घण घालायला येत नाही, तिथे येतं ते पाणी. जमिनीखालचं पाणी त्या ठोकळ्याला वर्षानुवर्षं भिजवत राहणार आणि विरघळेल तेवढं घेऊन विहिरीकडे, ओढ्याकडे, पिकाकडे निघणार. त्यामुळे ठोकळा फुटतो का यापेक्षा फुटलेल्या तुकड्यातूनही किती झिरपतं, हे आम्ही आधी विचारतो. काच या कसोटीवर उतरते. तुमचं लोखंड उतरत नाही. का, ते पुढे येईलच.

कचऱ्याचे प्रकार वेगळे असतात. अणुवीज केंद्रात रोज निघतो तो बहुतांशी सौम्य असतो: फरशा धुतलेलं पाणी, कामगारांच्या कपड्यांच्या लाँड्रीचं पाणी, वापरलेले हातमोजे, फिल्टर, पाणी शुद्ध करणारी रेझिन. आकारमान मोठं, किरणोत्सार थोडा. असं हजारो लिटर पाणी सिमेंटमध्ये घालत बसलो तर ड्रम ठेवायला तालुका पुरायचा नाही, म्हणून आधी पाण्यातून नेमकं तेवढंच बाहेर काढावं लागतं. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी घालतात आणि सगळी मळी धरून वर येते, तसंच हे काम आहे, फक्त आमची मळी खाली बसते.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं सांगतो. प्रयोगशाळेत एका ओळीत काचेचे बीकर, प्रत्येकात सावकाश फिरणारा पंखा, आणि आत टाकीतून आणलेलं पाणी, जे डोळ्यांना साधं पाणीच वाटतं. कॉस्टिक घालून ते अल्कधर्मी करायचं. मग पोटॅशियम फेरोसायनाइड आणि मोरचूद, दोन्ही अगदी थोडं. पाण्यात तांबूस तपकिरी ढग उमटतो. हे कॉपर फेरोसायनाइड. त्याच्या स्फटिकाच्या पोकळ्या सीझियमच्या मापाच्या असतात, त्यामुळे पाण्यात सोडियम लाखो पटींनी जास्त असलं तरी सीझियम तिथेच जाऊन बसतं. स्ट्रॉन्शियमसाठी कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ पाडतात. पंखा थांबवला की तो ढग कणाकणानं जड होऊन तळाशी बसतो, वरचं पाणी निवळतं, आणि त्यातला नमुना मोजणीला जातो. चांगला दिवस असेल तर मूळ किरणोत्साराचा फार थोडा भाग वर उरतो. पण कुणी लाँड्रीचा साबण जास्त वापरलेला असला, किंवा उपकरणं धुताना ईडीटीए किंवा सायट्रिक आम्लासारखं धातूला पाण्यात धरून ठेवणारं रसायन त्याच टाकीत आलं असलं, तर गाळ नीट बसतच नाही, आणि कोबाल्ट तर त्या रसायनाचा हात धरून पाण्यातच राहतं. म्हणून नव्या मुलांना पहिली शिकवण हीच असायची की टाकीत काय आलं आहे ते कळल्याशिवाय रसायनाच्या बाटलीला हात लावायचा नाही. या सगळ्या धंद्याचं मर्म मला याच एका वाक्यात दिसतं.

असा जमा झालेला गाळ आणि बाष्पक यंत्रात आटवलेला दाट द्राव सिमेंटमध्ये जातो. सिमेंट स्वस्त आहे, भट्टी लागत नाही, गाळातलं पाणी त्याला चालतं, आणि ते अल्कधर्मी असल्यामुळे बरेचसे धातू त्यात विरघळत नाहीत. पण सिमेंटलाही अंगच्या खोडी आहेत. कचऱ्यात बोरेट असेल तर ते लवकर सेटच होत नाही. सीझियम सिमेंटच्या बारीक छिद्रांतून झिरपतं, म्हणून मिश्रणात व्हर्मिक्युलाइट किंवा बेंटोनाइटसारखी माती घालतात, जी त्याला धरून ठेवते. वापरलेली रेझिन सिमेंटमध्ये पाणी शोषून फुगते आणि ठोकळा आतून फोडते, म्हणून तिच्यासाठी पॉलिमर वापरतात. सौम्य आणि अल्पायुषी कचऱ्याला एवढं पुरतं. असे ड्रम केंद्राच्या आवारातच दगडी किंवा काँक्रीटच्या खंदकांत आणि त्याहून खोल, काँक्रीटनं वेढलेल्या पोलादी नळ्यांत ठेवतात, आणि आजूबाजूच्या विहिरींतलं पाणी नियमानं तपासतात. ३०० वर्षांचा हिशेब इथे लागू पडतो.

उच्च पातळीचा कचरा ही मात्र निराळीच गोष्ट. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. हे काम आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९६४ पासून सुरू झालं, पुढे तारापूर आणि कल्पाक्कमला. मागे जो आम्लाचा द्राव उरतो त्याचं आकारमान थोडं असतं, पण किरणोत्साराचा बहुतांश भाग त्यातच असतो. तो आपोआप तापत राहतो, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत सतत थंड करत ठेवावा लागतो. द्रव रूपात हा कचरा कायमचा ठेवणं मला कधीच पटलं नाही. टाकी गळू शकते, काच गळत नाही.

आता तुमचं लोखंड. समजा हा कचरा सुकवून तुमच्या इंडक्शन भट्टीत चार्जबरोबर टाकला. धातुरूप सीझियम ६७१ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि तुम्ही बिड १४०० अंशांच्या आसपास ओतता. सीझियम लोखंडात विरघळत नाही, वाफ होऊन धुराबरोबर निघतं आणि बॅग फिल्टरच्या धुळीत जमतं. स्ट्रॉन्शियम ऑक्साइड होऊन स्लॅगमध्ये जातं. कोबाल्ट आणि रुथेनियम तेवढे लोखंडात उतरतात. म्हणजे एका हीटमध्ये, एका वेळच्या वितळणीत, कचऱ्याला तीन वाटा फुटल्या, आणि सगळ्यात त्रासदायक घटक ठोकळ्यात राहिलाच नाही. हे कागदावरचं बोलणं नाही. १९९८ मध्ये स्पेनमध्ये अल्जेसिरास इथल्या स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यात भंगारातून सीझियम-१३७ चा स्रोत वितळला गेला, तेव्हा धुराड्यातून निघालेलं सीझियम फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीपर्यंतच्या हवेच्या नमुन्यांत सापडलं, आणि कारखान्याच्या धूळ गोळा करणाऱ्या यंत्रणेत जमलेली धूळ किरणोत्सारी कचरा ठरली. शिवाय लोखंड गंजतं, आणि ओल्या जमिनीत पुरलेलं लोखंड किती टिकतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

काचेत हे सगळे सामावतात. स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, मापाचा नसेल तो अणू आत येऊ शकत नाही. काचेत तशी शिस्त नसते. सिलिका आणि बोरॉनचं वेडंवाकडं जाळं, त्यात लहान-मोठे, वेगवेगळ्या विद्युतभाराचे तीस-चाळीस मूलद्रव्यांचे अणू एकाच वेळी बसतात. कचरा काचेच्या डब्यात भरलेला नसतो, तो काचेचाच घटक झालेला असतो. म्हणून तुकडा पडला तरी आतून काही सांडत नाही, नव्या पृष्ठभागावर पाणी पोचतं एवढंच. बोरोसिलिकेट काच उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून केलेल्या चाचण्यांत रोज दर चौरस सेंटिमीटरला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास झीज मिळते. म्हणजे वर्षाला एक-दीड मायक्रॉन, आणि तेही उकळत्या पाण्यात. साठलेल्या पाण्यात पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर धरतो आणि वेग आणखी पडतो. ज्वालामुखीच्या रसातून झालेली नैसर्गिक काच लाखो वर्षं टिकलेली भूशास्त्रज्ञांनी पाहिली आहे, हाही एक पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात टेड रिंगवुड यांनी १९७८ मध्ये कृत्रिम खडकाची कल्पना मांडली. काही ठरावीक कचऱ्यांसाठी ती काचेपेक्षा सरस आहे, पण मिश्र कचऱ्यासाठी जगभर काचच चालते. फ्रान्सनं मार्कूलला १९७८ मध्ये कचऱ्याची काच करणं औद्योगिक पातळीवर सुरू केलं.

काच तरी सरसकट एकच चालते का? नाही, आणि इथे आपल्या लोकांनी केलेलं काम सांगितलंच पाहिजे. तुर्भ्याच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट होतं, कारण प्लुटोनियम वेगळं करताना फेरस सल्फामेट वापरलेलं होतं. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फार थोडं विरघळतं. उरलेलं वर वेगळा पिवळट थर होऊन तरंगतं, तुमच्या लॅडलवर स्लॅग येतो तसं. वाईट हे, की तो थर सीझियम ओढून घेतो आणि पाण्यात चक्क विरघळतो. बाहेरून ठोकळा छान दिसेल, आणि पहिल्याच भिजण्यात सीझियम निघून जाईल. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी त्यासाठी बेरियम बोरोसिलिकेट काच तयार केली. तिच्यात सल्फेट सामावतं, थर वेगळा पडत नाही. तुर्भ्याचा प्रकल्प याच काचेवर चालला. परदेशातली कृती जशीच्या तशी उचलली असती तर हे जमलं नसतं.

भट्टी तुम्हाला बघायला आवडली असती. एका प्रकारात निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं उंच भांडं बाहेरून इंडक्शननं तापवतात, साधारण १००० अंशांच्या आत-बाहेर. दुसऱ्या प्रकारात, जो तारापूर आणि कल्पाक्कमला आहे, उष्णतारोधक विटांच्या टाकीत इलेक्ट्रोड बुडवून वितळलेल्या काचेतूनच वीज सोडतात. थंड काच वीज वाहत नाही, तापलेली वाहते, म्हणून सुरुवात बाहेरून तापवून करावी लागते. द्राव वरून थेंबाथेंबानं पडतो, काचेवर न वितळलेल्या पदार्थाची साय धरते, आणि ती साय मुद्दाम टिकवतात. खालून उठणारी सीझियम आणि रुथेनियमची वाफ तिच्यात थंड होऊन परत काचेत जाते. जे निसटतं ते कंडेन्सर, स्क्रबर आणि बारीक फिल्टरच्या ओळीतून जातं. मला विचाराल तर या प्रकल्पात भट्टीपेक्षा हे धुराचं शुद्धीकरण जास्त अवघड आहे.

ओतण्याच्या वेळी भट्टीजवळ माणूस नसतो. मीटरभराहून जाड, शिशाच्या पिवळसर काचेच्या खिडकीबाहेर ऑपरेटर उभा, हातात मॅनिप्युलेटरच्या मुठी, आणि आत पोलादी हात त्याच्या मनगटाची नक्कल करत असतात. भांड्याच्या तळाच्या नळीत काच गोठून बसलेली असते, तोच व्हॉल्व्ह. त्या नळीचं वेगळं कॉइल चालू केलं की गोठलेला भाग लालसर होतो, मऊ पडतो आणि काचेची मधासारखी दाट धार खालच्या स्टेनलेस स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये उतरते. कॉइल बंद करून हवा सोडली की धार बारीक होत तुटते. वजनकाट्यावरचा आकडा आणि कॅनिस्टरच्या बाजूची तापमापकं, दोन्हींवर नजर ठेवून किती भरलं ते ठरवतात. मग घाई नाही. उष्णतारोधक आवरणात कॅनिस्टर सावकाश निवू देतात, नाहीतर तुमच्या जाड कास्टिंगला जातात तसे तडे जातात. काही तडे तरीही जातातच, ते हिशेबात धरलेले असतात. झाकण वेल्ड होतं, बाहेरचा भाग धुवून पुसून तपासतात, आणि असे तीन कॅनिस्टर एका मोठ्या आवरणात घालून पुन्हा वेल्ड करतात. तारापूरच्या साठवण इमारतीत ते हवेवर थंड होत राहतात. हवा खालून आत येते, तापून उंच धुराड्यातून बाहेर जाते, पंखा लागत नाही. काही दशकं तिथे निवल्यावरच खोल पुरण्याचा विचार करायचा.

या कचऱ्यातून आधी उपयोगाचं काढूनही घेता येतं. सीझियम वेगळं करून त्याच्या काचेच्या कांड्या भाभा केंद्रानं बनवल्या, त्या रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांत वापरतात. रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्याच्या कर्करोगावर वापरतात. मला या कामाचा मनापासून अभिमान वाटतो.

खोल पुरायचं तर कुठे? इथले लोक हमखास विचारतात की आपला काळा पाषाण एवढा टणक, तो का नको. दख्खनचा बेसाल्ट थरांचा आहे. थराथरांमध्ये सच्छिद्र पट्टे आहेत आणि दगडाला उभ्या भेगा आहेत. करवीर-कागलच्या विहिरींना आणि बोअरना पाणी लागतं ते याच पट्ट्यांत आणि भेगांत. अमेरिकेनंही हॅनफर्डच्या बेसाल्टचा बराच अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तो मार्ग सोडला. आपल्याकडे ग्रॅनाइटचा अभ्यास झाला आहे. फिनलंडनं ओंकालोला चारशेहून अधिक मीटर खोल जुन्या स्फटिकी खडकात बोगदे खोदले आहेत, तांब्याचे कॅनिस्टर आणि भोवती बेंटोनाइट.

पण नुसती खोली वाचवत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरात ६५५ मीटर खाली असलेल्या साठवणीत १४ फेब्रुवारी २०१४ ला एक ड्रम फुटला. कचऱ्यात नायट्रेट क्षार होते. ओल शोषायला त्यात मातीचा शोषक घालायचा होता, त्याऐवजी वनस्पतिजन्य शोषक घातला गेला. नायट्रेट आणि वनस्पतिजन्य पदार्थ एकत्र आले की काय होतं हे सुरुंगाची दारू माहीत असलेला माणूस सांगेल. आत उष्णता वाढत गेली, झाकण उडालं, वर काम करणाऱ्यांपर्यंत किरणोत्सारी कण पोचले आणि साठवण जवळपास तीन वर्षं बंद राहिली. जागा उत्तम होती, ड्रम चांगला होता. कचऱ्यात काय आहे आणि त्यात आपण काय मिसळतो आहोत, एवढं एकच पाहिलं गेलं नाही. बीकरपाशी शिकवायचो ते हेच.

घाटाखाली जैतापूरला ही काच होणार का, असंही अनेक जण विचारतात. वीज केंद्रात काच होत नाही, ती इंधनाच्या पुनर्प्रक्रियेच्या ठिकाणी होते. केंद्रात सौम्य आणि मध्यम कचऱ्याची प्रक्रिया होते, आणि वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल हौदांत राहतं. त्या प्रकल्पाबद्दल प्रश्न विचारायचे तर या दोन गोष्टींबद्दल विचारा: हौदांची क्षमता किती वर्षांची, आणि तिथून इंधन कुठे, कधी, कशानं जाणार. लेखी उत्तर मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता तुमचं भंगार, कारण कोल्हापूरच्या फौंड्र्यांना उद्या सकाळी उपयोगी पडेल ते हेच. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चं यंत्र तोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. २००८ मध्ये भारतातून फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं, म्हणजे ते लोखंडात उतरलेलं होतं. तुमच्याकडे येणाऱ्या मालात आकाराच्या मानानं फार जड, शिशानं भरलेला, कुलूपबंद वाटणारा गोळा किंवा नळकांडं दिसलं, किंवा पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं, तर गॅस कटर लावायचा नाही, उघडायचं नाही, माणसं लांब करायची आणि जिल्हा प्रशासन व मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं.

मीटर घ्याच. साध्या गायगर मीटरपेक्षा सोडियम आयोडाइडचा सिंटिलेशन मीटर जास्त संवेदनशील असतो. आधी आठवडाभर रिकाम्या यार्डात रीडिंग घेऊन तुमचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. बेसाल्टच्या प्रदेशात तो कमीच असतो, त्यामुळे वाढ लवकर कळते. गाडी फाटकात आली की चारही बाजूंनी सावकाश फिरा. पण शिशाच्या भांड्यातला स्रोत भरल्या गाडीत लपून जाऊ शकतो, म्हणून माल उतरवून पसरल्यावर पुन्हा मोजा, प्रेस बंडल असतील तर एकेक बंडल मोजा. प्रत्येक हीटचा केमिस्ट्रीसाठी काढलेला नमुना मीटरपुढे धरा, त्यात कोबाल्ट दिसेल. आणि बॅग फिल्टरची धूळ रिकामी करण्याआधी तिच्यावर मीटर धरायला विसरू नका, कारण सीझियम तिथेच सापडेल, कास्टिंगमध्ये नाही.